सोलकढीतले मीठ

गेल्या डिसेंबरात आत्या मुंबईहून मालवणास आली तेव्हा तिच्या सामानात एक वजनकाटा होता. तिचे हृदय अशक्त झाले आहे, त्यामुळे दिवसभरात पाणी किती प्यावे याला मर्यादा आहे आणि मिठाला तर फारच आहे: सगळे मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी ती काट्यावर उभी राहते आणि आकडा वहीत लिहिते, कारण शरीरात पाणी साठू लागले की ते सुजेआधी वजनात दिसते, असे तिच्या डॉक्टरांनी तिला पक्के पढवले आहे. एवढ्या शिस्तीच्या बाईने माहेरी येऊन एकच हट्ट धरला, तो म्हणजे एकदा तरी खानावळीत बसून माशाचे ताट जेवण्याचा.

तारकर्लीच्या रस्त्याला, मुख्य वाटेपासून जरा आत, चार टेबलांची एक घरगुती खानावळ आहे. तिथल्या काकींची आणि माझी जुनी ओळख असल्यामुळे मी सकाळीच जाऊन मीठ-मसाला लावण्याआधी दोन बांगडे बाजूला ठेवायला सांगितले होते. आमटी आत्याने दोन चमचेच घेतली, लोणच्याला हात लावला नाही, आणि सोलकढी समोर आली तेव्हा पेला उचलण्याआधी तिने विचारले, "हिच्यात मीठ आहे का हो?" काकी म्हणाल्या, "मीठ चिमूटभरसुद्धा घालूक नाय गे बाय." आत्याने समाधानाने दोन पेले सोलकढी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजन सव्वा किलोने वाढलेले होते आणि घोट्यांवर मोज्यांच्या इलॅस्टिकचा वळ उमटला होता. डॉक्टरांना फोन झाला, त्यांनी औषधात बदल सांगितला आणि तिसऱ्या दिवशी काटा पूर्वपदावर आला. मधल्या दोन दिवसांत आम्ही ओटीवर बसून त्या ताटातला एकेक पदार्थ आठवून काढत होतो. आधी पापड सापडला. उडदाच्या पापडात मीठ असतेच, शिवाय पापडखार असतो आणि तोही सोडियमचाच क्षार आहे. जिभेला तो खारट लागत नाही, म्हणून हिशेबात येत नाही. पण आत्याने पापड अर्धाच खाल्ला होता. मग मला आगळ आठवले, आणि आठवल्यावर स्वतःचीच लाज वाटली.

काकी खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांनी सोलकढीत मीठ घातले नव्हते, कारण ते आगळात आधीच होते. रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, रस वर्षभर टिकवायचा तर त्यात एकतर साखर घालावी लागते किंवा मीठ. साखरेचे ते कोकम सरबत आणि मिठाचे ते आगळ. आमच्या घरी मे महिन्यात किलोभर रसाला पाव किलो मीठ पडते, आणि ते मोजून घालण्याचे काम गेली कित्येक वर्षे माझेच आहे. म्हणजे आगळाचा पाचवा हिस्सा मीठ झाला. पेल्यामागे एक मोठा चमचा, साधारण पंधरा ग्रॅम आगळ धरले, तरी तीन ग्रॅमच्या आसपास मीठ होते. दोन पेल्यांत आत्याची दिवसभराची मर्यादा ओलांडली गेली होती. विचारणारीने नेमके विचारले, सांगणारीने खरे सांगितले, आणि ज्याला हे ठाऊक असायला हवे होते तो मी शेजारी बसून बांगड्याचे काटे काढत होतो.

उपाहारगृहांनी जेवणाऱ्याला पदार्थांची पोषणविषयक माहिती द्यावी की नाही, हा प्रश्न माझ्यापुढे असा सोलकढीच्या पेल्यातून आला. तोपर्यंत तो मला शहरी चोचल्यांपैकी एक वाटत असे.

आत्याला परत सोडायला गाडीने गेलो तेव्हा वाटेत एका मोठ्या साखळी रेस्टॉरंटात थांबलो. तिथे फलकावर प्रत्येक पदार्थापुढे किमतीच्या बाजूला बारीक अक्षरांत उष्मांकांचा आकडा होता आणि तळाशी असे एक वाक्य होते, की सरासरी सक्रिय प्रौढ व्यक्तीला दिवसाला २००० किलोकॅलरी ऊर्जा लागते, मात्र प्रत्येकाची गरज वेगळी असू शकते. आत्याने चष्मा बदलून सगळा फलक वरपासून खालपर्यंत वाचला आणि काउंटरवरच्या मुलाला विचारले, "यात मीठ कुठे लिहिले आहे?" मुलगा सौजन्याने म्हणाला की बोर्डवर फक्त कॅलरी असतात, बाकीचे वेबसाइटवर बघावे लागेल. आत्याने पिशवीतून वेलची केळे काढले आणि ती गाडीत जाऊन बसली.

हा फलक आला तो कायद्यामुळे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२० साली लेबल आणि माहिती-प्रदर्शनाविषयीचे जे विनियम केले, त्यांनुसार ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या दहा अथवा त्याहून अधिक ठिकाणी शाखा आहेत, अशा खाद्यगृहांनी मेनूवर पदार्थापुढे एका वाढणीचे प्रमाण आणि तिचे उष्मांक दाखवायचे आहेत, शिवाय ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची माहितीही द्यायची आहे. वर्षात साठ दिवसांहून कमी चालणाऱ्या जागांना यातून सूट आहे, आणि गिऱ्हाइकाच्या खास सांगण्यावरून फेरफार करून दिलेल्या पदार्थालाही आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराने हा नियम २००८ मध्येच लागू केला. देशभर तो वीस किंवा अधिक शाखा असलेल्या साखळ्यांना २०१८ च्या मे महिन्यापासून लागू झाला आणि इंग्लंडमध्ये अडीचशे किंवा अधिक कर्मचारी असलेल्या व्यवसायांना एप्रिल २०२२ पासून. सगळीकडे रेघ मोठ्यांच्या पायाशी ओढलेली आहे. मालवणातल्या खानावळीला यातले काहीच लागू नाही, आणि तशी सक्ती तिच्यावर व्हावी असे मलाही वाटत नाही. का, ते पुढे सांगतो.

आकड्याचा उपयोग होतो का, याचा शोध बऱ्याच जणांनी घेतला आहे. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी संस्था आहे; २०२५ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या तिच्या आढाव्यात अनेक देशांतले प्रयोग एकत्र करून जो निष्कर्ष काढला आहे, तो असा की उष्मांक लिहिल्याने माणसे किंचित कमी उष्मांकांचे पदार्थ निवडतात. हा फरक ६०० किलोकॅलरीच्या जेवणामागे सरासरी सुमारे ११ किलोकॅलरी, म्हणजे दोन बदामांच्याही आतला आहे. लाखो जेवणांवर पसरला तर हा थेंबही मोठा होतो, असे आरोग्यखाती म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण ज्यांना खाण्याविषयीच भीती जडलेली असते, अशा मुलामुलींना तोच आकडा टोचतो, हेही तितकेच खरे आहे. इंग्लंडच्या नियमांत गिऱ्हाइकाने मागितल्यास उष्मांक नसलेले मेनूकार्ड देण्याची मुभा आहे, ती याचसाठी. आपल्याकडे अशी मुभा कोणी मागितल्याचे माझ्या तरी कानावर आलेले नाही.

आता खानावळीने असा आकडा का लिहू नये ते सांगतो. आत्या गेल्यावर मी घरी एक उद्योग केला, ज्याबद्दल बायकोने मला दोन दिवस टोमणे मारले. कोंबडी-वड्यांचा बेत होता. कढई तेलासकट काट्यावर ठेवून वडे तळण्याआधी आणि तळल्यानंतर वजन केले. वीस वड्यांनी शहाण्णव ग्रॅम तेल नेले. आठ दिवसांनी तेच पीठ, तीच कढई आणि तोच हात असताना वीस वड्यांनी एकशे चाळीस ग्रॅम तेल प्यायले, कारण त्या दिवशी पीठ जरा सैल भिजले होते. पाण्याची वाफ होऊन बाहेर पडते, तिने केलेल्या भोकांत तेल शिरते, आणि ते बरेचसे वडा कढईतून काढल्यावर, निवत असताना शिरते. म्हणून झाऱ्यावर नीट निथळलेला वडा आणि घाईने टोपलीत टाकलेला वडा यांतही फरक पडतो. ग्रॅमभर तेलाला नऊ किलोकॅलरी धरल्या, तर एका ताटातल्या पाच वड्यांमागे दोन दिवसांत जवळजवळ शंभर किलोकॅलरींचा फरक निघाला. यातला कोणता आकडा काकींनी भिंतीवर लिहावा?

नारळाचे त्याहून कठीण आहे. ओल्या खोबऱ्याच्या शंभर ग्रॅमला वेगवेगळ्या पोषणतक्त्यांत साडेतीनशेपासून साडेचारशेच्या घरापर्यंत किलोकॅलरी दिलेल्या आढळतात, कारण नारळ कोवळा की जून, यावर त्यातली चरबी ठरते. वाटण किती घालायचे हे आमच्याकडे वजनावर ठरत नाही. ते हातावर, पाहुण्यांच्या संख्येवर आणि बाजारभावावर ठरते. नारळ महागला की किनारपट्टीवरची आमटी पातळ होते, हे जेवणारा प्रत्येक जण जाणतो आणि कोणी बोलून दाखवत नाही. त्या अर्थाने आमच्या आमटीचे उष्मांक नारळाचा बाजार ठरवतो, असे म्हटले तरी चालेल.

आणि मासा तर कारखान्यातून येतच नाही. तारली घ्या. पावसाळ्यानंतर तिच्या अंगात चरबी इतकी भरते की तव्यावर वेगळे तेल सोडावे लागत नाही, आणि इतर महिन्यांत तीच तारली कोरडी लागते. बांगड्याचेही कमीअधिक तसेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात बर्फातला मासा येतो किंवा सुकटीवर भागवावे लागते, आणि सुकटीचा मिठाचा हिशेब सगळाच निराळा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत माशांचे आकडे आहेत आणि ते मोलाचे आहेत. पण तो सरासरीचा मासा असतो, काकींच्या तव्यावरचा नव्हे. साखळी रेस्टॉरंटाला आकडा छापता येतो, कारण त्याची पोळी, तिचे सारण आणि तिच्यावरचे चीज एकाच ठिकाणाहून मोजून आलेले असते. रोज बंदरावर जाऊन जे मिळेल ते आणणाऱ्या खानावळीला तसा आकडा छापायला लावणे म्हणजे तिला दररोज खोटे लिहायला लावणे होय.

मात्र आकडा देता येत नाही म्हणून माहितीच देता येत नाही, असे नाही. मला वाटते, आपली गफलत इथेच होते. आत्याला त्या दिवशी किलोकॅलरी हव्या नव्हत्या. "सोलकढी आगळाची आहे" एवढे तीन शब्द तिला पुरले असते. ते काकींना ठाऊक होते आणि मलाही ठाऊक होते. सांगायला प्रयोगशाळा लागत नव्हती, फक्त हे सांगण्यासारखे आहे याची जाणीव लागत होती.

न्यूयॉर्कने २०१५ साली आणखी एक नियम केला, तो मला उष्मांकांच्या नियमापेक्षा शहाणपणाचा वाटतो. ज्या एका पदार्थात २३०० मिलिग्रॅम किंवा अधिक सोडियम आहे, म्हणजे एका चमच्याएवढे मीठ आहे, त्याच्यापुढे साखळी हॉटेलांनी त्रिकोणात मिठाच्या डबीचे चित्र छापायचे. तिथे कोणी बेरीज करत बसत नाही. ज्याला मीठ वर्ज्य आहे तो चित्र बघून पुढे सरकतो, आणि बाकीच्यांचे जेवण बिघडत नाही. आपल्याकडे दर टेबलामागे एक रक्तदाबवाला आणि एक मधुमेही सहज निघतो. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातल्या मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर सांगितली आहे. अशा देशात भाताची वाटी केवढी आणि सरबतात साखर किती, हे विचारणे म्हणजे नखरा समजला जाऊ नये.

मिठाइतकीच, किंबहुना त्याहून निकडीची गोष्ट म्हणजे कोळंबी. माझ्या एका मित्राच्या मुलाला कोळंबी आणि खेकडे चालत नाहीत. तोंडात गेले की ओठ सुजतात आणि श्वास लागतो. या कवचवाल्या प्राण्यांतले ज्या प्रथिनाने ॲलर्जी होते ते शिजवल्याने नष्ट होत नाही, त्यामुळे "चांगली तळली आहे, काही होत नाही" या आश्वासनाला अर्थ नसतो. तो मुलगा बिचारा कोळंबी मागवत नाहीच, पण ज्या तव्यावर कोळंबी तळली त्याच तव्यावर, त्याच तेलात त्याची सुरमई तळली जाते. त्याहून फसवी असते ती वांग्याची भाजी. आमच्याकडे तिच्यात चवीला चार सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, टाकण्याची रीत आहे, आणि घरच्यांना त्याचे इतके अंगवळण पडलेले असते की विचारल्यावर "भाजी आहे" असेच उत्तर येते. जवळा, म्हणजे अगदी बारीक सुकी कोळंबी, भाजून चटणीत वाटला जातो, तो तर दिसतही नाही. यादीतला शब्द आणि ताटातला पदार्थ यांच्यामध्ये जी स्वयंपाकघराची रीत उभी असते, ती बाहेरगावच्या माणसाला कशी कळावी? कोकणात सुट्टीला येणारा पर्यटक सोडे म्हणजे काय हेच जाणत नाही.

तळणीच्या तेलाविषयी फार लिहीत नाही. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात जी ध्रुवीय संयुगे तयार होतात, त्यांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये, असा नियम २०१८ च्या जुलैपासून आहे. ते मोजण्याचे यंत्र छोट्या खानावळीत मी पाहिलेले नाही. तेल काळे आणि दाट झाले, फेस धरू लागले की ते टाकण्याची रीत मात्र नीटनेटक्या घरांत नियमाच्या पुष्कळ आधीपासून आहे.

कायद्याच्या कडेकडेने जायचे तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क म्हणून नोंदलेला आहे, आणि त्याला शाखांच्या संख्येची अट नाही. पण खानावळीतल्या जेवणात हक्काची भाषा काढली की घास कडू होतो, हेही मला मान्य आहे. म्हणून मी जानेवारीत एका दुपारी, गर्दी ओसरल्यावर, काकींकडे गेलो आणि आत्याच्या वजनाची हकीकत त्यांना सांगितली. त्यांना आधी फार वाईट वाटले, मग थोडा रागही आला.

"आगळ खयचा, ह्या आजवर कोणी इचारूक नाय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आतून बरणी आणून दाखवली. त्यांचे आगळ घरचे होते आणि मीठ आमच्यापेक्षाही जास्त होते.

मी सुचवले की दारातल्या ज्या फळ्यावर त्या रोज खडूने आजचा मासा लिहितात, त्याच्याखाली तीन ओळी वाढवाव्यात. त्यांनी मान हलवली. "असां लिवलां तर लोकांक वाटतलां, हिच्या जेवणात कायतरी खोट आसा." या बोलण्यात तथ्य होते. शेजारची खानावळ काही लिहीत नसताना एकीनेच "आमच्या सोलकढीत मीठ आहे" असे रस्त्यावर जाहीर केले, तर गाडीतून उतरणारा माणूस शेजारी वळेल. साखळी रेस्टॉरंटांना ही अडचण येत नाही, कारण तिथे सगळ्यांना एकदमच लिहावे लागते. सक्तीचा हा एक फायदा मला त्या दुपारी प्रथमच उमगला. काकींची दुसरी अडचण साधीच होती. मासे साडेदहाला येतात आणि साडेअकरापर्यंत मीठ, हळद, आगळ लावून मुरायला पडतात. त्यानंतर कोणी बिनमिठाचा मासा मागितला तर त्या देणार कुठून?

बराच वेळ बोलून जे ठरले ते असे. रस्त्यावरचा फळा जसा आहे तसाच राहील, आणि आत, जिथे हात धुवायला सगळ्यांना रांगेत उभे राहावे लागते, त्या बेसिनच्या वरच्या भिंतीवर एक छोटी पाटी लागेल. पाटी त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने निळ्या ऑइलपेंटने रंगवली: "सोलकढी आगळाची आहे, आगळात मीठ असते. पापडातही असते. भाजीत कधी सोडे असतात, विचारून घ्यावे. कोळंबी चालत नसल्यास आधी सांगावे, वेगळा तवा आहे. कमी मिठाचा मासा हवा असल्यास सकाळी साडेअकराच्या आत फोन करावा." वेगळा तवा त्यांनी त्यासाठी खरोखरच घेतला, आणि त्याच्या मुठीला लाल दोरा बांधला आहे.

पाटी लागल्यानंतर आठवड्याभरात मी जेवायला गेलो होतो. माझ्या पुढे हात धुवायला एसटीचे एक चालक उभे होते. खाकी शर्ट, खिशाला पेन. साबण हाताला तसाच ठेवून त्यांनी पाटी सगळी वाचली, मग नळ बंद न करताच मागे वळून ओरडून सांगितले, की आपल्या ताटातला पापड काढा, डॉक्टरने मीठ बंद केले आहे. सोलकढी मात्र त्यांनी पुन्हा एकदा मागून घेतली.